व्हिएतनामची सहल कमी खर्चात कशी आखावी?

आधी देश पूर्ण बघायचा हट्ट सोडा. हनोई ते हो ची मिन्ह सिटी हा रेल्वेमार्ग सुमारे १,७०० किलोमीटरचा आहे. आठवड्याभरात दोन्ही टोकं गाठायची तर मधली विमानं बजेट खातात. पहिल्या खेपेला एकच पट्टा घ्या: उत्तरेतला हनोई-निन्ह बिन्ह, किंवा मध्य भागातला दा नांग, होई आन आणि ह्युए. मला दुसरा जास्त आवडतो, कारण अंतरं कमी आहेत. ह्युए ते दा नांग मात्र ट्रेननेच जा. हाय व्हान घाटाखालून समुद्राला लागून जाणारा तो प्रवास स्वस्त आहे आणि फार सुंदर!

या मध्य भागात सप्टेंबर ते डिसेंबर पाऊस असतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तर होई आनला पूरही येतो. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर उत्तर भाग निवडा. जानेवारी-फेब्रुवारीतला तेत, म्हणजे त्यांचं नववर्ष, टाळा. तेव्हा तिकिटं महागतात आणि बरीच दुकानं बंद असतात.

ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरून स्वतःच काढा, एका प्रवेशासाठी २५ डॉलर लागतात. शाकाहारी असाल तर बौद्ध पद्धतीची उपाहारगृहं शोधा. इतरत्र भाजीतही फिश सॉस असू शकतो, आधी विचारा.