दारावर आलेल्या माणसाने फर्नेस बदलायला सांगितली आहे. ती खरोखर बदलावी लागेल का?

तुम्ही लिहिले आहे की, यंदाच कॅनडातील ब्रॅम्प्टनमध्ये जुने घर घेतले, त्यातील गॅसची फर्नेस, म्हणजे हिवाळ्यात सारे घर तापवणारे यंत्र, २०१२ सालची आहे, आणि गेल्या आठवड्यात ‘मोफत तपासणी’ करून देतो म्हणत दारावर आलेल्या एका माणसाने हीट एक्सचेंजरला तडा गेल्याचे सांगून नवी फर्नेस भाड्याने घेण्याचा करार तुमच्यापुढे ठेवला. ती बदलावी का, आणि एरवी दर हिवाळ्यापूर्वी फर्नेसचे नेमके काय करून घ्यावे, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. मी गॅसचा परवानाधारक तंत्रज्ञ नाही, हे आधीच सांगतो. परंतु मिसिसागामध्ये अठरा वर्षे राहताना दोन घरांतील तीन फर्नेस सांभाळल्या आहेत, आणि दर वर्षी तंत्रज्ञ आला की त्याच्या शेजारी उभे राहून प्रश्न विचारण्याची मला सवय आहे. त्या बळावर लिहीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे त्या कागदावर सही करू नका. तुम्ही स्वतः बोलावलेले नसताना घरी येऊन फर्नेस, एअर कंडिशनर, वॉटर हीटर अशा वस्तूंचा करार करून घेण्यास आपल्या ऑन्टारिओ प्रांतात १ मार्च २०१८ पासून कायद्याने बंदी आहे आणि तसा करार रद्दबातल ठरतो. तुम्ही बोलावलेल्या विक्रेत्याशी घरात बसून करार केला, तरी तो मोडण्यासाठी दहा दिवसांची मुदत मिळते.

कायद्यापेक्षाही मला त्या माणसाचे वागणे अधिक बोलके वाटते. हीट एक्सचेंजर म्हणजे ज्याच्या आतून जळलेल्या गॅसचा धूर जातो आणि बाहेरून घरातील हवा वाहते, तो धातूचा भाग. त्याला तडा गेला तर धुरातील कार्बन मोनॉक्साइड घरातील हवेत मिसळण्याचा धोका असतो, आणि म्हणूनच येथे परवानाधारक तंत्रज्ञाला असा दोष दिसला की त्याला फर्नेसवर लाल टॅग, म्हणजे धोक्याची चिठ्ठी, लावावा लागतो. धोका तात्काळ असेल तर ‘ए’ टॅग लावून गॅस तिथल्या तिथे बंद केला जातो. तात्काळ नसेल तर ‘बी’ टॅग लावून दुरुस्तीसाठी मुदत दिली जाते, जी जास्तीत जास्त ४५ दिवसांची असते. तुमच्याकडे आलेल्या माणसाने टॅग लावला नाही, गॅस बंद केला नाही, तड्याचे छायाचित्र दाखवले नाही. फर्नेस चालू ठेवून तो केवळ करार ठेवून गेला. ज्याला घरात विषारी वायू पसरण्याचा धोका खरोखर दिसला आहे, तो माणूस असा निघून जात नाही.

याचा अर्थ तडा नाहीच, असा मात्र नव्हे. या आठवड्यातच दुसऱ्या, तुम्ही निवडलेल्या तंत्रज्ञाकडून फर्नेस तपासून घ्या. ऑन्टारिओमध्ये गॅसचे काम करणाऱ्या कंत्राटदाराची नोंदणी टेक्निकल स्टँडर्ड्स अँड सेफ्टी अथॉरिटीकडे, म्हणजे सगळे ज्याला टीएसएसए म्हणतात तिच्याकडे असावी लागते; तंत्रज्ञाचे परवाने जी-१, जी-२ आणि जी-३ अशा श्रेणींचे असतात, आणि यांपैकी जी-३ वाल्याला दुसऱ्याच्या देखरेखीखालीच काम करता येते. परवान्याचे कार्ड दाखवायला सांगण्यात संकोच बाळगू नका, चांगला माणूस ते आनंदाने दाखवतो. त्याने तडा असल्याचे सांगितले तर कॅमेऱ्याने काढलेले छायाचित्र आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइडचे मोजमाप लेखी मागा. आणि तो येईपर्यंत घरातील कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आजच तपासा. अलार्मच्या मागील बाजूस त्याची मुदत छापलेली असते. साधारण सात ते दहा वर्षांनी तो निकामी होतो, आणि जुन्या घराबरोबर आलेला अलार्म बहुधा जुनाच असतो. या वायूला वास नसतो, रंग नसतो. २००८ साली ऑन्टारिओतीलच वुडस्टॉक येथे चिमणीचा मार्ग तुंबल्यामुळे एका कुटुंबातील चौघे जण याच वायूने दगावले, आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ अलार्म सक्तीचा करणारा हॉकिन्स-गिग्नॅक कायदा त्या घटनेतूनच पुढे आला.

आता दुसरा प्रश्न. फर्नेसची देखभाल समजून घ्यायची असेल तर ती सुरू कशी होते हे एकदा बेसमेंटमध्ये खुर्ची टाकून बघावे, असे मी प्रत्येकाला सांगतो. थर्मोस्टॅट दोन-चार अंशांनी वाढवा आणि ऐका. प्रथम एक बारीक घरघर सुरू होते. तो इंड्यूसर नावाचा छोटा पंखा असून तो धूर बाहेर ओढण्याची सोय आधी करून ठेवतो. तो नीट ओढत आहे याची खात्री प्रेशर स्विच नावाची एक चकती करते. मग छोट्या काचेतून पाहिले तर इग्नायटर निखाऱ्यासारखा लालभडक होताना दिसतो, पाठोपाठ गॅसचा व्हॉल्व्ह टक्कन उघडतो, आणि निळ्या ज्योती एकामागून एक ओळीने पेटतात. ज्योत खरोखर पेटली आहे की नाही हे फ्लेम सेन्सर नावाची पेन्सिलीपेक्षाही बारीक सळई तपासते: ज्योतीतून विजेचा अगदी क्षीण, काही मायक्रोअँपिअरचा प्रवाह वाहतो आणि तो मिळाला तरच गॅस चालू राहतो. अर्ध्या मिनिटाच्या आसपास ब्लोअर, म्हणजे घरभर हवा ढकलणारा मोठा पंखा, सुरू होतो आणि झरोक्यांतून ऊब येऊ लागते. हा क्रम एकदा कानांना ओळखीचा झाला की, बिघाड कोणत्या पायरीवर आहे ते तुम्हाला तंत्रज्ञाला फोनवरच सांगता येते, आणि ‘फर्नेस चालत नाही’ एवढेच सांगणाऱ्यापेक्षा तुमचे काम निम्म्या वेळात होते.

उदाहरणार्थ, ज्योत पेटते आणि चार-पाच सेकंदांत विझते, पुन्हा पेटते, पुन्हा विझते, आणि काही प्रयत्नांनंतर फर्नेस गप्प बसते, असे झाले तर बहुतेक वेळा फ्लेम सेन्सरवर चढलेली पुटे हे कारण असते. तंत्रज्ञ तो एक स्क्रू काढून, बारीक घासणीने पुसून परत बसवतो. दहा मिनिटांचे काम आहे. त्यासाठी कोणी ‘मुख्य बोर्ड गेला’ म्हणू लागला, तर आधी सेन्सर पुसून पाहिला का, असे विचारावे.

घरच्या माणसाने करण्याचे सर्वांत मोठे काम म्हणजे फिल्टर बदलणे. माझ्या अनुभवात घर नीट न तापण्याच्या निम्म्याअधिक तक्रारींचे मूळ हवेच्या वाटेत असते. फिल्टर तुंबला की हवा कमी वाहते, हीट एक्सचेंजर प्रमाणाबाहेर तापतो, लिमिट स्विच ज्योत बंद करतो, थोड्या वेळाने पुन्हा पेटवतो, आणि घर मात्र तापत नाही. हेच वर्षानुवर्षे होत राहिले तर धातू तापून-निवून थकतो आणि तुम्हाला ज्याची भीती घातली गेली तो तडा खरोखरच जातो. एक इंच जाडीचा फिल्टर हिवाळ्यात दर महिन्याला काढून पाहावा आणि फार तर तीन महिन्यांनी बदलावा. चार-पाच इंची जाड फिल्टर सहा महिने ते वर्षभर चालतो. आपल्या घरांत रोजची फोडणी आणि उदबत्ती असते, त्यामुळे पाकिटावर लिहिलेली मुदत मी कधीच पाळत नाही. माझा पांढरा फिल्टर दिवाळीनंतर पाच आठवड्यांत करडा झालेला असतो. फिल्टरच्या चौकटीवरील बाण फर्नेसच्या दिशेने असावा. आणखी एक मोह टाळावा: सर्वांत बारीक जाळीचा, मर्व्ह १३ वगैरे लिहिलेला (मर्व्ह हे जाळीच्या बारीकपणाचे माप) एक इंची फिल्टर चांगलाच असणार असे वाटते, परंतु जुन्या ब्लोअरला त्यातून श्वास घेणे जड जाते. मर्व्ह ८ बहुतेक घरांना पुरतो.

कॅनडात २०१० पासून नव्या घरगुती गॅस फर्नेसची कार्यक्षमता किमान ९० टक्के असणे बंधनकारक झाले, त्यामुळे तुमची २०१२ सालची फर्नेस कंडेन्सिंग प्रकारची असणार, म्हणजे धुरातील वाफेचेही पाणी करून तिची उष्णता घेणारी. तिचा धूर इतका निवलेला असतो की तो प्लॅस्टिकच्या नळीतून घराच्या भिंतीबाहेर सोडतात. या प्रकाराची दोन नाजूक स्थाने आहेत. एक म्हणजे ते पाणी: थंडीत दिवसाला कित्येक लिटर, किंचित आम्लधर्मी पाणी एका बारीक नळीने बेसमेंटच्या मोरीत जाते, आणि ती नळी गाळाने तुंबली की फर्नेस बंद पडते. दुसरे म्हणजे भिंतीबाहेर निघालेल्या दोन नळ्या: एक धूर सोडणारी, दुसरी हवा आत घेणारी.

एका फेब्रुवारीत पहाटे दोन वाजता गारठ्याने जाग आली तेव्हा आमच्या थर्मोस्टॅटवर १४ अंश दिसत होते आणि बाहेर उणे १९. बेसमेंटमध्ये इंड्यूसर घरघरत होता, परंतु पुढची पायरी येत नव्हती. फर्नेसच्या काचेतून एक लाल दिवा तीनदा लुकलुकत होता. फर्नेसच्या दाराच्या आतील बाजूस चिकटवलेल्या तक्त्यात तीनचा अर्थ ‘प्रेशर स्विच उघडा राहिला आहे’ असा दिला होता. (प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो, आजच त्याचे छायाचित्र फोनमध्ये काढून ठेवा.) तंत्रज्ञाच्या रात्रपाळीच्या फोनवर नाव नोंदवल्यावर सहज म्हणून कोट घालून घराच्या कडेला गेलो, तर संध्याकाळच्या वादळाने तेथे कमरेएवढा बर्फ लोटला होता आणि हवा आत घेणारी नळी त्यात पुरती गाडली गेली होती. फावड्याने भोवतालचा बर्फ दूर केला, हातमोज्याने नळीचे तोंड मोकळे केले, आत येऊन फर्नेस एकदा बंद करून चालू केली. ज्योत पेटली. त्या रात्रीपासून अंगणाचा रस्ता मोकळा करण्याआधी मी त्या दोन नळ्या मोकळ्या करतो.

आणखी एक प्रसंग, जो सांगताना आमच्या घरात अजून हसू येते. पुण्याहून आई आली होती. खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवायचा ही तिची आयुष्यभराची शिस्त, आणि फर्नेस चालू-बंद करणारे जवळच्या भिंतीवरचे बटण हुबेहूब दिव्याच्या बटणासारखे. दोन तास आम्ही थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या बदलत बसलो. आता त्या बटणावर चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर मराठीत ‘हात लावू नये’ असे लिहिले आहे. तुमच्याकडेही फोन फिरवण्यापूर्वी हे बटण, विद्युत फलकावरील ब्रेकर, थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या आणि फर्नेसचे खालचे दार नीट बसले आहे की नाही, एवढे पाहून घ्या. दार किंचित सैल असले तरी आतला सुरक्षा स्विच तिला सुरू होऊ देत नाही.

यापलीकडची, म्हणजे गॅस आणि ज्वलन यांच्याशी संबंधित कामे मात्र स्वतः करू नयेत. वर्षातून एकदा, शक्यतो सप्टेंबरच्या शेवटी, तंत्रज्ञाला बोलवावे. पहिली कडाक्याची थंडी पडली की त्यांची वेळ मिळणे अवघड होते. चांगला तंत्रज्ञ गॅसचा दाब मोजतो, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेच्या तापमानातील फरक फर्नेसवरील पट्टीशी ताडून पाहतो, सेन्सर पुसतो, पाण्याचा सापळा धुतो, ब्लोअरची पाती पाहतो. या कामाला घाई न करता तासभर लागतो. गेल्या वर्षी मी यासाठी कर वगळून १४९ डॉलर दिले. पंधरा मिनिटांत फिल्टर पाहून सही घेणाऱ्याला ती तपासणी म्हणू नये. दरमहा पैसे कापणाऱ्या ‘संरक्षण योजना’ मला फारशा पटत नाहीत, कारण त्यांच्या छोट्या अक्षरांत महागडे भाग बहुधा वगळलेले असतात. तेच पैसे बाजूला ठेवलेले बरे. हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायर असेल तर त्याची पाण्याची जाळी त्याच दिवशी बदलून घ्यावी.

गॅस फर्नेस साधारण पंधरा ते वीस वर्षे चालते, त्यामुळे तुमची आज निरोगी निघाली तरी येत्या काही वर्षांत नवी घ्यावी लागेल असे धरून चालावे. ती उन्हाळ्यात, तीन ठिकाणचे लेखी भाव मागवून आणि विकत घ्यावी. भाड्याची फर्नेस महिन्याला थोडी वाटते, पण करार दहा-दहा वर्षांचे असतात आणि घर विकताना ते गळ्यात पडतात. पूर्वी अशा कंपन्या घराच्या मालकीवर बोजाची नोंदही करून ठेवत; जून २०२४ मध्ये ऑन्टारिओने त्या नोंदींना बंदी घातली. तुमच्या घरातील वॉटर हीटर किंवा हीच फर्नेस आधीच्या मालकाने भाड्याने घेतलेली नाही ना, हे गॅसच्या बिलावर आणि घरखरेदीच्या कागदांत पाहून घ्या.

तंत्रज्ञाने खरोखर ‘ए’ टॅग लावला तर त्या रात्रीपुरते विजेचे हीटर आणावेत आणि ते एक्स्टेन्शनच्या तारेवर न लावता थेट भिंतीतील सॉकेटमध्ये लावावेत. ऊब यावी म्हणून गॅसचा ओव्हन उघडा ठेवणे किंवा बार्बेक्यूची शेगडी आत आणणे जिवावर बेतू शकते. बाहेर उणे दहाच्या खाली असेल तर स्वयंपाकघरातील सिंकखालच्या कपाटाची दारे उघडी ठेवा आणि बाहेरच्या भिंतीलगतचा नळ बारीक धारेने चालू राहू द्या, म्हणजे सकाळपर्यंत पाइप गोठणार नाहीत.