‘तुझी इच्छा होवो’ म्हणण्याआधी

परदेशात राहणाऱ्या एका ताईंचे पत्र माझ्यासमोर आहे. यजमानांची नोकरी गेली आहे, त्या नोकरीशी जोडलेल्या व्हिसाची मुदत संपत आली आहे आणि नव्या अर्जाचा निर्णय लागलेला नाही. तिकडे भारतात सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. त्यांना भेटायला गेले तर परत येऊ दिले जाईल याची खात्री नाही. मंडळीतील वडील, म्हणजे चर्चचे वडीलधारे, म्हणतात, सर्व काही प्रभूवर सोपवा. ताई रोज सकाळी प्रार्थनेत सोपवतात आणि रात्री दोन वाजता उठून फोनवर अर्जाची स्थिती पाहतात. पंधरा वर्षांच्या मुलाने एकदा जेवताना विचारले, ‘‘देव ऐकतो म्हणतेस, मग तुला झोप का लागत नाही?’’ त्यांचे दोन प्रश्न आहेत : माझा विश्वास कमी पडतो का, आणि समर्पण म्हणजे नेमके करायचे तरी काय?

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच देते. रात्री दोन वाजता जाग येणे हा अविश्वासाचा पुरावा नव्हे. ज्यांच्या डोक्यावर घर, मूल आणि आजारी आई यांची जबाबदारी आहे त्यांना अशा दिवसांत काळजी वाटणारच. दुसऱ्या प्रश्नाला मात्र सविस्तर उत्तर हवे, कारण आपल्या मंडळ्यांमध्ये समर्पण हा शब्द फार लवकर उच्चारला जातो आणि ज्याच्यावर प्रसंग आला आहे त्याच्या तोंडून तो त्याहूनही लवकर वदवून घेतला जातो.

वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्रीचा, गेथशेमाने बागेतील येशूच्या प्रार्थनेचा प्रसंग आपण सर्वांनी अनेकदा वाचला आहे, पण तो सावकाश वाचायला हवा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 26 व्या अध्यायात येशू ‘तुझी इच्छा होवो’ येथून सुरुवात करत नाही. आपला जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, असे तो आधी शिष्यांना उघडपणे सांगतो. मग थोडे पुढे जाऊन पालथा पडतो आणि स्वतःला जे हवे आहे ते पित्याजवळ स्पष्ट शब्दांत मागतो : शक्य असेल तर हा प्याला, म्हणजे समोर आलेले दुःख आणि मरण, टळून जाऊ दे. ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे’ हे त्यानंतर येते. पुढे आणखी एक गोष्ट आहे आणि ती सहज नजरेतून सुटते. तो उठून शिष्यांकडे येतो, ते झोपलेले दिसतात, तो परत जाऊन दुसऱ्यांदा प्रार्थना करतो आणि या वेळी त्याचे शब्द बदललेले असतात. आधी ‘टळणे शक्य असेल तर’ असे होते. आता ‘मी प्यायल्याशिवाय हा टळणार नसेल, तर तुझी इच्छा होवो’ असे आहे. तिसऱ्यांदा तो पुन्हा तेच शब्द बोलतो. म्हणजे देवाच्या पुत्रालाही त्या रात्री एकदा सोपवून उठून जाता आले नाही. तो पुन्हा पुन्हा त्याच जागी गेला आणि तेच बोलला. मग आपण रोज सोपवतो आणि रोज परत काळजी करतो, याबद्दल स्वतःला दोषी ठरवण्याचे कारण काय?

म्हणून माझा पहिला सल्ला असा आहे की, तुम्हाला काय हवे आहे ते प्रभूला आधी पूर्णपणे सांगा. ‘प्रभो, तुझ्या इच्छेप्रमाणे कर’ हे एक वाक्य बोलून प्रार्थना आटोपू नका. या देशात राहायचे आहे, मुलाचे शिक्षण मध्येच तुटू नये, सासूबाईंच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्या उशाशी बसायला मिळावे, आणि या मागण्या कदाचित एकमेकींच्या आड येतात, हे सगळे त्याच्यापुढे मांडा. राग असेल तर तोही मांडा. आपल्याला काय हवे आहे हे ज्याने कधी उच्चारलेच नाही, त्याच्याजवळ सोपवण्यासारखे काही नसते. त्याने फक्त तोंड मिटून घेतलेले असते आणि ते मिटलेले तोंड पुढे कडवटपणा होऊन घरात उतरते. सर्व सांगून झाल्यावर जे उरते ते त्याच्या हाती द्यायचे. उद्या पुन्हा तसेच करायचे.

आता जुन्या करारातील यिर्मया संदेष्ट्याविषयी. परदेशातील आपल्या कितीतरी घरांत त्याच्या 29 व्या अध्यायातील 11 वे वचन चौकटीत लावलेले असते : तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. वचन खरे आहे, परंतु ते ज्या पत्रात आहे ते पत्र आपण सहसा वाचत नाही. यरुशलेमेतून बाबेलात पाडाव करून नेलेल्या लोकांना ते लिहिले होते. त्याआधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की, दोन वर्षांत सर्व काही पूर्ववत होईल. ते ऐकायला किती गोड वाटले असेल! यिर्मया मात्र 70 वर्षे म्हणतो. ज्या प्रौढ माणसांनी ते पत्र ऐकले त्यांतील बहुतेकांना परत जाणे दिसणार नव्हते, आणि तरीही हिताच्या संकल्पांचे वचन त्यांनाच उद्देशून आहे. मधल्या काळात काय करायचे तेही पत्रात आहे : घरे बांधा, मळे लावा, त्यांचे फळ खा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा.

यातून मला एवढे समजते की, देवावर भरवसा ठेवणे म्हणजे आपल्या मनातील तारखेवर भरवसा ठेवणे नव्हे. ‘विश्वास ठेवा, महिन्याभरात व्हिसा मिळेल’ असे तुम्हाला कोणी सांगितले तर तो हनन्याचा मार्ग आहे. सांगणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो. तुमचा अर्ज मंजूर होईल असे वचन प्रभूने पवित्र शास्त्रात कोठेही दिलेले नाही. निर्णय काहीही लागला तरी तो तुम्हाला सोडणार नाही, हे वचन दिले आहे. दानिएलाच्या पुस्तकातील तिघे तरुण भट्टीसमोर उभे राहून नेमके हेच म्हणतात : आमचा देव आम्हाला सोडवण्यास समर्थ आहे, आणि त्याने सोडवले नाही तरीही आम्ही मूर्तीपुढे वाकणार नाही. यजमानांबरोबर प्रार्थना करताना ‘आणि तसे झाले नाही तरीही’ हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्या दिवशी ते घशात अडकतील. त्या दिवशी नुसते ‘प्रभो, हे आम्हाला अजून म्हणवत नाही’ एवढे म्हटले तरी ती प्रार्थनाच आहे. आजारी मुलाच्या बापाने येशूला, माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला साहाय्य कर, असे म्हटले आणि येशूने त्याला परत पाठवले नाही, त्याचा मुलगा बरा केला.

रात्री दोनच्या फोनचे काय? निर्गमाच्या 16 व्या अध्यायात रानातल्या इस्राएली लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेले अन्न, रोजच्या रोज गोळा करायचा असे. शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या दिवसासाठी, आदल्या दिवशी दुप्पट घेण्याची मुभा होती, एरवी उद्यासाठी राखून ठेवलेल्यात किडे पडत. प्रभूच्या प्रार्थनेतही भाकर आजचीच मागायला शिकवले आहे. विश्वासाचेही तसेच आहे. सहा महिन्यांनंतर काय होईल ते पेलण्याचे बळ आज मागितले तर ते आज मिळत नाही, कारण ते आजच्यासाठी नसते. तेव्हा अर्जाची स्थिती पाहण्याची एक वेळ ठरवा, शक्यतो सकाळची. यजमान आणि तुम्ही शेजारी बसा, संकेतस्थळ उघडण्याआधी दोन वाक्यांत प्रार्थना करा, पाहा आणि बंद करा. रात्री फोन झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवा. भारतातून तातडीचा निरोप येईल ही भीती रास्त आहे, म्हणून फक्त त्या एका नंबरची घंटा वाजेल अशी सोय करा. हे बाहेरचे उपाय आहेत हे मला मान्य आहे, पण शरीराला लागलेली सवय मनालाही आपल्यामागे ओढून नेते.

समर्पणाचा अर्थ हात बांधून बसणे असा कोणी सांगितला तर ऐकू नका. नहेम्या यरुशलेमेचा कोट बांधत असताना शत्रू चाल करून येणार असे कळले, तेव्हा लोकांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही ठेवला. दोन्ही गोष्टी एकाच वचनात सांगितल्या आहेत. तुमच्या बाबतीत पहारा म्हणजे परवानाधारक वकिलाचा सल्ला, मुदतीच्या तारखा भिंतीवर, आणि येथे राहण्याची वाट बंद झाली तर भारतात परतण्याची तयारी कशी करायची याचा शांतपणे काढलेला हिशेब. असा हिशेब काढणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे नव्हे. झोप आठवडेच्या आठवडे लागत नसेल, किंवा यजमान कोणाशी बोलेनासे झाले असतील, तर डॉक्टरांकडे जा. एलीया संदेष्टा खचून झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर व पाणी दिले, झोपू दिले आणि पुन्हा उठवून खायला घातले. देवाची वाणी त्याने ऐकली ती त्यानंतर बऱ्याच दिवसांनी.

मंडळीतील वडिलांविषयी मला थोडे स्पष्टपणे लिहायचे आहे. देवापुढे नमणे आणि देवाच्या नावाने बोलणाऱ्या माणसांपुढे नमणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि परदेशात, जेथे छोटीशी मराठी मंडळी हेच आपले माहेर होऊन बसते, तेथे त्या एकमेकींत मिसळायला वेळ लागत नाही. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी तेथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्यांनी त्यांना आसरा दिला त्या ख्रिस्ती मठातील भगिनींवर त्यांचा जीव होता. तरीही धर्मगुरू सांगतील ते सर्व देवाची आज्ञा म्हणून मान्य करण्यास त्यांनी ठाम नकार दिला. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने उतरवल्यावर दुसरे मानेवर घेण्याची आपली तयारी नाही, असे त्यांनी पत्रातून कळवले. ख्रिस्ताला संपूर्णपणे शरण जाण्याचा अनुभव त्यांना त्यानंतर काही वर्षांनी आला, आणि तो कोणाच्या दडपणाखाली आला नाही. याच रमाबाईंनी 1921 मध्ये एकुलती एक मुलगी गमावल्यावरही बायबलच्या मराठी भाषांतराचे काम शेवटपर्यंत चालू ठेवले. स्वतःच्या सदसद्विवेकाने विचार करणारी स्त्री समर्पण करू शकत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी हे आयुष्य अवश्य पाहावे. तेव्हा वडिलांचा आदर ठेवा, त्यांना प्रार्थना मागा, परंतु ‘तुमचा विश्वास कमी आहे’ हा निवाडा त्यांच्याकडून स्वीकारू नका. तो करण्याचा अधिकार त्यांना नाही.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर त्याला टाळून देऊ नका. त्याने तुमच्यातील विसंगती पाहिली आहे आणि धीर करून विचारले आहे, ही चांगली गोष्ट आहे. ‘आई ठीक आहे’ असे सांगितलेत तर तो दोन गोष्टी शिकेल : आई खरे सांगत नाही आणि देवाजवळही खरे सांगायचे नसते. त्याऐवजी त्याच्याबरोबर 13 वे स्तोत्र वाचा. ते जेमतेम सहा वचनांचे आहे आणि त्याच्या सुरुवातीलाच ‘कोठवर’ हा प्रश्न देवाला चार वेळा विचारला आहे. त्याला सांगा की, मलाही हाच प्रश्न पडतो, मी तो देवालाच विचारते आणि म्हणूनच जागी असते. 88 वे स्तोत्र तर अंधारातच संपते, आणि तेही पवित्र शास्त्रात आहे, हे त्याला कळू द्या. त्याच्याकडून मोठ्या शब्दांतील प्रार्थनेची अपेक्षा धरू नका. त्याच्या मनात शाळा आणि मित्र सुटण्याची धास्ती असणार. तेवढे जरी त्याने कौटुंबिक उपासनेत एका वाक्यात मागितले, तरी त्याचा विश्वास त्याचा स्वतःचा होऊ लागेल.

राहिल्या सासूबाई. पत्रात त्यांच्याविषयी सर्वांत कमी लिहिले आहे आणि माझ्या मते सर्वांत मोठे ओझे तेच आहे. जावे की न जावे याचे एकच योग्य उत्तर पवित्र शास्त्रात मिळणार नाही. तुम्ही आणि यजमान वकिलाचे म्हणणे ऐकून, प्रार्थना करून जो निर्णय घ्याल, तो घेतल्यानंतर त्याची शिक्षा स्वतःला देत बसू नका. त्यांच्यापासून ही परिस्थिती लपवत असाल तर मात्र सांगून टाका. आजारी माणसाला काळजी नको म्हणून आपण सगळे दडवतो आणि त्यांच्या वाट्याला फक्त वाट पाहणे उरते. दररोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल लावा, ‘आई, आमच्यासाठी प्रार्थना करा’ असे त्यांना सांगा, आणि त्या प्रार्थना करत असताना तुम्ही ऐका. ज्या बाईने आयुष्यभर प्रभूवर भार टाकून संसार केला, तिला अंथरुणावर असतानाही आपल्या घरासाठी करण्यासारखे काम आहे, आणि ते काम सध्या तुमच्या कुटुंबात तिच्याइतके चांगले कोणालाच येत नाही.