नाचणीचा लाडू आणि वजनाचा हिशेब

प्रश्न : भात सोडून नाचणी खाल्ली की वजन उतरतं, असं ऐकलंय. नाचणीचे लाडू विकायला काढायचे आहेत. पाकिटावर ‘वजन घटवणारे’ असं छापू का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : मुळीच नको. ते खरं नाही, आणि पुराव्याशिवाय असा दावा नियमातही बसत नाही. नाचणीत कर्बोदकं जवळपास तांदळाइतकीच असतात. जमेची बाजू म्हणजे कॅल्शियम आणि तंतू. वजन वाढतं ते एकूण उष्मांकांनी. 1 किलो नाचणीपीठ, 400 ग्रॅम तूप, 600 ग्रॅम गूळ घेतला तर 40 ग्रॅमचे 50 लाडू होतात. प्रत्येकी साधारण 180 कॅलरी, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा पिठाचा नव्हे, तुपाचा! (गणपतीत मोदकांनी दोन दिवसांत पुढे सरकलेला काटा मात्र बहुतांशी पाण्याचा, शरीरात साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा साठा, पाणी धरून ठेवतं.)

आता धंद्याचं. पीठ मंद आचेवर खमंग भाजा. कच्चं राहिलं तर लाडू टाळूला चिकटतो. गूळ फक्त विरघळवा, पाक झाला की लाडू दगड. आपल्याकडे खरा त्रास दमट हवेचा: गरम लाडू भरले की पाकिटात वाफ धरते नि बुरशी येते. पूर्ण गार करून हवाबंद भरा. ओलं खोबरं नकोच. विक्रीआधी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी त्यांच्या फॉसकॉस या ऑनलाइन पोर्टलवर करा. 14 अंकी क्रमांक पाकिटावर हवा. पहिल्या घाण्यातली चार पाकिटं ठेवून दर आठवड्याला एक फोडा, टिकण्याचा अंदाज येईल. दरात गॅस, पाकीट, दुकानदाराचं कमिशन धरा, आणि स्वतःची मजुरीही. ती हमखास राहून जाते.