१०० एमबीपीएसचा प्लॅन आणि मोबाइलवर २५: कंपनी बदलण्याआधी वायर लावून मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पेडण्याला घर, फायबरचा १०० एमबीपीएसचा प्लॅन, पण मोबाइलवर स्पीड टेस्ट केली की आकडा २०-२५ च्या वर जात नाही. कस्टमर केअरवाले "सर, अप टू १०० असतं" एवढं सांगून फोन ठेवतात. कंपनी बदलावी का, आणि तक्रार करायची तर कुठे?

मी फोंड्याला राहतो, नेटवर्किंगचं काम करतो, आणि ओळखीतल्या लोकांकडून हाच प्रश्न सतत येतो. माझं उत्तर प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी सुरू होतं. लॅपटॉप लॅनच्या वायरने थेट राउटरला जोडा, घरातले बाकीचे फोन आणि टीव्ही वायफायवरून काढा, आणि मग टेस्ट करा. मोबाइलवरचा आकडा तुमचं वायफाय आणि कंपनीची लाइन दोघांचा मिळून असतो. त्यातला कोणाचा किती, हे त्यावरून कळत नाही. वायरवरचा आकडा बहुतांशी कंपनीचा. हा फरक हातात नसताना तक्रार केली तर समोरचा पहिल्याच वाक्यात "तुमच्या वायफायचा प्रॉब्लेम आहे" म्हणेल आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

वायरवर ९० च्या वर आलं तर लाइन ठीक आहे. ९४-९५ दिसले तरी उरलेले पाच कुठे गेले म्हणून शोधू नका, डेटा पाठवण्याच्या व्यवस्थेतच तेवढे खर्च होतात. आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण यावरून माणसं उगाच भांडतात. प्लॅनमधला आकडा मेगाबिटचा असतो आणि फाइल डाउनलोड होताना संगणक दाखवतो तो मेगाबाइटचा. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० च्या लाइनवर फाइल सेकंदाला १२ मेगाबाइटच्या आसपास उतरत असेल तर तुम्हाला पूर्ण वेग मिळतो आहे.

आता वायरवर ९४ आणि मोबाइलवर २५ असं असेल, तर दोष घरात आहे. गोव्यात हे फार होतं, त्याला कारण आपली घरं. चिऱ्यांची हातभर जाड भिंत वायफायला सहज पार करता येत नाही. त्यात फायबरची वायर खांबावरून येते ती पुढच्या बाजूने, म्हणून टेक्निशियन पडवीतच राउटर ठोकून जातो. मुलं अभ्यासाला बसतात मागच्या खोलीत, मध्ये राजांगण, देवघर, दोन-तीन भिंती. राउटरमध्ये बहुधा दोन बँड (रेडिओ लहरींचे पट्टे) असतात. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हात टेकतो. २.४ गिगाहर्ट्झचा लांब पोचतो, पण मुळात हळू, आणि शेजारपाजारच्या सगळ्या राउटरांची त्याच पट्ट्यात गर्दी. मागच्या खोलीत गेल्यावर तुमचा फोन गुपचूप २.४ वर उतरतो आणि तुम्हाला २५ दिसतात. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये कुठला बँड लागला आहे ते पाहता येतं. राउटरच्या समोर उभं राहून ५ वर टेस्ट करा. आकडा एकदम वर गेला तर निदान झालं.

उपाय म्हणून लोक रिपीटर आणतात. मी स्वस्तातला, एकाच बँडवर चालणारा रिपीटर आणायला सांगत नाही. तो त्याच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे बोलतो, त्यामुळे वेग साधारण अर्धा होतो. राउटर घराच्या मध्यावर हलवता आला तर आधी ते करा. नाही तर मागच्या खोलीपर्यंत लॅनची वायर न्या आणि तिथे अॅक्सेस पॉइंट (वायरने जोडलेला, त्या खोलीत वायफाय देणारा डबा) लावा. कौलारू घरात हे सोपं जातं, माळ्यावरून वायर ओढली की भिंत फोडावी लागत नाही. एकदाच केलेलं काम आहे, वर्षानुवर्षं टिकतं.

पुढेमागे २०० किंवा ३०० चा प्लॅन घ्यायचा विचार असेल तर राउटरचा पोर्ट आधी बघा. अजूनही कित्येक घरांत १०० मेगाबिटचे पोर्ट असलेले राउटर आहेत. त्यावर ३०० चा प्लॅन घेतला तरी वायरने ९४-९५ च मिळणार. वायरमधली एखादी जोडी तुटलेली असेल तरीही लिंक १०० वरच अडकते. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड दिसतो: तिथे १००० दिसायला हवेत.

हे सगळं ठीक असून वायरवरही ३०-४० च येत असतील, तर मात्र प्रश्न कंपनीचा आहे. आणि इथे तुमच्या वेळेचं चीज होईल असं एकच काम आहे: वेळ टाकून नोंद ठेवणं. आठवडाभर, रोज सकाळी लवकर, दुपारी आणि रात्री नऊ ते अकराच्या मध्ये. प्रत्येक वेळी वायरवर, प्रत्येक वेळी स्क्रीनशॉट. ऊकलाच्या स्पीड टेस्टमध्ये सर्व्हर बदलता येतो. एकदा कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर करा, एकदा मुंबईतल्या दुसऱ्या कोणाच्या. जोडीला नेटफ्लिक्सची 'फास्ट' ही टेस्टही करा. कंपनीच्या सर्व्हरवर पूर्ण १०० आणि बाहेर सगळीकडे ३० असेल, तर तुमच्या घरापर्यंतचा तुकडा चांगला आहे, कंपनीने पुढे घेतलेली बँडविड्थ (बाहेरच्या इंटरनेटशी जोडणारी क्षमता) कमी पडते आहे. फक्त स्वतःच्या सर्व्हरवरचा आकडा दाखवून "सगळं बरोबर आहे" म्हणणाऱ्यांना हा दुसरा स्क्रीनशॉट दाखवायचा.

नोंद झाली की तिच्यात आकृती दिसते. पहाटे ९५ आणि रात्री ३० म्हणजे गर्दी. जीपॉन, म्हणजे एकच तार अनेक घरांत वाटून देणारी फायबरची पद्धत. तिच्यात एका तारेवरचे सुमारे २.५ गिगाबिट ३२, ६४, कधी १२८ घरांत वाटले जातात, आणि त्याच्या पुढचा मार्गही सगळ्यांचा एकच असतो. चतुर्थीला वाड्यावरची सगळी घरं भरली की हे हमखास जाणवतं. दिवसभर सारखंच कमी असेल तर तीन शक्यता: कंपनीच्या सिस्टिममध्ये तुमचा प्लॅन चुकीचा चढलेला, महिन्याची डेटा मर्यादा संपलेली, नाही तर लाइनच खराब. मर्यादेचं आधी बघा. 'अनलिमिटेड' म्हणून विकलेल्या बऱ्याच प्लॅनना ३३०० जीबीची मर्यादा असते, आणि ती ओलांडली की वेग पार खाली येतो.

पाऊस आला की वेग पडत असेल किंवा लाइन सारखी तुटत असेल तर जोड तपासायला लावा. आपल्याकडे फायबर बहुधा वीज खात्याच्या खांबांवरून, माडांच्या झावळ्यांतून येतं. जोडाच्या डब्यात पाणी जातं, झावळी पडून वायर मुरगळते, रस्त्याच्या खोदकामात तुटलेली तार घाईने जोडलेली असते. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या राउटरच्या पानावर (पत्ता आणि पासवर्ड मागच्या स्टिकरवर असतो) 'आरएक्स पॉवर', म्हणजे फायबरमधून पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, हा आकडा शोधा. तो उणे असतो. नेहमीच्या जीपॉन उपकरणाला उणे ८ ते उणे २७ डीबीएम (ही ताकद मोजण्याचं एकक) चालतं. उणे २६-२७ च्या काठावर असेल तर प्रकाशच कमी पोचतो आहे. लाइनमन आला की त्याला हा आकडा सांगा, त्याच्याकडच्या पॉवर मीटरने मोजायला लावा आणि कनेक्टर पुसून घ्या. राउटर बदलून देतो म्हणाला तरी आधी हे. घरी आलेल्या या पोराशी मात्र भांडू नका. भर पावसात शिडीवर चढणारा तोच असतो, आणि बँडविड्थ किती घ्यायची हे त्याच्या हातात नसतं.

आता तक्रार. फोनवर सांगितलेलं हवेत जातं, म्हणून डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, आणि त्याच दिवशी नोंद व स्क्रीनशॉट जोडून ईमेल पाठवायचा. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, याच्या २०१२ च्या नियमांनुसार कंपनीत दोन पायऱ्या आहेत: आधी तक्रार केंद्र, मग अपील प्राधिकरण. अपील फुकट असतं आणि ३९ दिवसांत निकाली काढायचं असतं. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तेव्हा तिकडे पत्र पाठवून वाट बघत बसू नका. केंद्राच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाच्या नावाने नोंदवा, त्यावर कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागतं. गावातल्या छोट्या केबलवाल्याकडे अपीलची व्यवस्था नसण्याचीही शक्यता आहे. तिथे लेखी अर्ज देऊन पोच घ्या, आणि त्याच्यामागे परवाना कोणाचा आहे ते बिलावर बघा.

'अप टू' या शब्दांनी दबून जाऊ नका. ब्रॉडबँडची सरकारी व्याख्या २०२३ पासून किमान २ एमबीपीएस आहे. तेवढ्यावर कोणी तुमची बोळवण करू लागलं तर ऐकू नका, कारण तुम्ही पैसे १०० चे भरता. ट्रायच्या २००६ च्या गुणवत्ता नियमांत कंपनीच्या नोडपासून (जिथून कंपनीची लाइन सुरू होते त्या केंद्रापासून) ग्राहकापर्यंत घेतलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून जास्त मिळावा असं लिहिलेलं होतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून त्या जागी नवे नियम लागू झाले, म्हणून ईमेलमध्ये नियम लिहिणार असाल तर नव्यांचा संदर्भ द्या. आणि कुठल्याही नियमापेक्षा तुमची आठवड्याची नोंद जास्त वजनदार आहे. पहाटे ९५ देणारी लाइन रात्री ३० वर येते हे कागदावर असलं की "अप टू" म्हणणाऱ्याला रात्रीबद्दल बोलावंच लागतं.

एवढं करूनही हलले नाहीत तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दूरसंचार सेवा स्पष्टपणे धरलेली आहे. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये पक्कं केलं. सेवेसाठी कंपनीला भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही.

कंपनी बदलायची झालीच तर शेजारच्या दोन-तीन घरांत रात्री दहाला वायरवर मोजून मगच पैसे भरा, आणि वर्षाचे एकदम भरू नका. तुमच्या वाड्यावर दोन्ही कंपन्यांची तार एकाच खांबांवरून येत असेल तर पावसाचा त्रास दोघींनाही सारखाच होणार.

वायरवरचे आकडे, आरएक्स पॉवर आणि राउटरचं मॉडेल खाली कमेंटमध्ये टाका. त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल.