आखूडशिंगी, बहुदुधी करिअर शोधू नका

प्रश्न: मुलीने दोनदा नीट दिली, एमबीबीएस हुकलं. पशुवैद्यकीयला प्रवेश मिळतोय. ती आफ्रिकेतल्या गुरांच्या जातींबद्दल वाचत असते आणि त्यांच्या जनुकांवर काम करायचं म्हणते. तिथल्या बुटक्या, बिनदुधाच्या गाईंत शिकण्यासारखं काय आहे? तिसऱ्यांदा नीटला बसली नाही तर फी भरणार नाही, असं मी सांगितलंय. हल्ली ती जेवतानाही बोलत नाही. तिची समजूत घाला. – एक वडील, नाशिक

उत्तर: समजूत घालायचीच तर तुमची घालेन. तुमच्या मूळ, लांबलचक पत्रात तिचे गुण आहेत, कट-ऑफ आहे, तुमच्या मेहुण्यांचा डॉक्टर मुलगाही आहे. मुलगी घरात बोलेनाशी झाली, हे मात्र जाता जाता लिहिलंत. मला काळजी त्याच वाक्याची वाटते. दोन वर्षं एकाच परीक्षेला जुंपलेल्या मुलीला फीची धमकी देणं हा धाक आहे, मार्गदर्शन नव्हे. ती धमकी आजच मागे घ्या, तिच्यासमोर बसून, स्पष्ट शब्दांत. पुढचं सगळं त्यानंतर.

आता 'बिनदुधाच्या' गाईंबद्दल. गाय फक्त दुधाच्या लिटरांत मोजायची, हा आपल्याकडचा जुना गैरसमज. पश्चिम आफ्रिकेतली एन्दामा बुटकी असते, वशिंड नसतं, दूधही बेताचंच. पण त्से-त्से माशीच्या पट्ट्यात ती तग धरते. ही माशी चावली की रक्तात ट्रिपॅनोसोम नावाचे सूक्ष्म जंतू शिरतात, जनावराचं रक्त कमी होत जातं, ते खंगून मरतं. (त्याच कुळातल्या जंतूने आपल्याकडे जनावरांना सर्रा हा रोग होतो.) एन्दामाला लागण होते, पण ती जंतूंची वाढ आटोक्यात ठेवते आणि तिचं रक्त फारसं उतरत नाही. भरपूर दूध देणारी युरोपातली होल्स्टीन गाय तिथे औषधांशिवाय टिकत नाही. युगांडा-रवांडाकडची अंकोले बघा, तिच्या अवाढव्य शिंगांत रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, त्यातून अंगातली उष्णता बाहेर पडते. आणि या खंडाच्या गुरांत आपलंही रक्त आहे. वशिंडाची गुरं मुळात सिंधू खोऱ्याकडची. 2020 साली 16 आफ्रिकी जातींच्या 172 गुरांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, वाचले गेले, तेव्हा पूर्व आफ्रिकेतल्या 'आफ्रिकेचं शिंग' म्हणतात त्या इथिओपिया-सोमालियाकडच्या गुरांत वशिंडवाल्या आणि बिनवशिंडी वंशांचा मोठा संकर साधारण 750 ते 1,050 वर्षांपूर्वी झाल्याचं दिसलं. आईकडून येणारा डीएनए मात्र तिथल्या वशिंडाच्या गुरांतही बहुतेक बिनवशिंडी वंशाचाच सापडतो. म्हणजे बाहेरून आले ते मुख्यतः वळू. एवढा इतिहास आणि एवढी रोगप्रतिकारशक्ती ज्या जनावरात आहे, त्यात तिला रस वाटला, याचा मला आनंदच आहे.

रस्ता सरळ आहे: बीव्हीएससी, मग पशुअनुवंशशास्त्रात एमव्हीएससी, पुढे पीएचडी. पगार सुरुवातीला डोळे दिपवणारा नसेल, हे तिला आत्ताच सांगा.

तिलाही एक रोखठोक सांगतो. आफ्रिकेतली गुरं स्क्रीनवर पाहून हा विषय कळत नाही. इगतपुरी तुमच्यापासून लांब नाही. धो-धो पावसात चिखलात काम करणारी डांगी गुरं तिथे आहेत, त्यांच्या कातडीवरचा तेलकट थर तिने हात लावून पाहावा. शेण, गोचीड, रात्री-बेरात्री अडलेली गाय, हे सोसवतं का, तेही तपासावं. सुट्टीत सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून त्यांच्यासोबत फिरावं. नाही झेपलं तर मला कळवावं, आपण दुसरा मार्ग पाहू.

पुढचं पत्र मात्र तिला लिहू द्या. प्रवेशाची मुदत टळू देऊ नका.