युद्धकाळात बालवाडीची वीज : वाचकांचे प्रश्न

7 मे 2025 च्या देशव्यापी मॉक ड्रिलनंतर ब्लॅकआउट हा शब्द घरोघरी पोचला आणि लहान मुलांच्या शाळांबद्दल विचारणा होऊ लागली. नागपूरच्या वाचकांच्या निवडक प्रश्नांना ही उत्तरं.

आमच्या बालवाडीत तीन खोल्या, साठ मुलं, वेळ सकाळी आठ ते बारा. युद्धात लाइन तासन्‌तास गेली तर काय, म्हणून पालकसभेत मोठा जनरेटर घ्यायचं जवळजवळ ठरलंय. किती केव्हीएचा (म्हणजे किती क्षमतेचा) घ्यावा? — मुख्याध्यापिका, मानेवाडा

जनरेटरचा आकडा शेवटी काढा. आधी कागदावर लिहा, लाइन गेल्यावर नेमकं काय चालू राहिलंच पाहिजे. तीन खोल्यांना सहा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे, प्रत्येकी 30 वॅट : 180. सहा एलईडी ट्यूब, प्रत्येकी 18 : सुमारे 110. वायफाय राउटर आणि दोन-तीन फोनचं चार्जिंग : 40. बेरीज 330 वॅट. चार तासांचे 1,320 वॅट-तास, म्हणजे सव्वा युनिटच्या जरा वर. जुने 75 वॅटचे पंखे ठेवलेत तर नुसते पंखेच 450 वॅट खातील. म्हणून पहिला खर्च पंखे बदलण्यावर करा. त्यानंतर घ्यायची प्रत्येक वस्तू लहान होते.

आता बॅटरी. 12.8 व्होल्ट 150 एएचच्या (अँपियर-तास) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत 1,920 वॅट-तास असतात. त्यातले 80 टक्केच वापरायचे आणि इन्व्हर्टरमध्ये दहा-बारा टक्के जातात हे धरलं, तर हातात 1,350 उरतात. तुमचे चार तास निघाले. तेवढ्याच एएचची ट्युब्युलर (नेहमीची पाण्याची लेड-ॲसिड बॅटरी) तीन तासांच्या आसपास दम टाकेल, कारण तिच्यावर लिहिलेले 150 एएच वीस तास सावकाश वापरली तरचे असतात. वेगाने उपसली की क्षमता घटते.

खरी अडचण मात्र भरण्याची आहे. 10 ऑक्टोबर 2022 पासून रशियाने युक्रेनच्या वीजयंत्रणेवर मोठे हल्ले सुरू केले. तेव्हापासून तिथे काही तास लाइन, काही तास अंधार, असं चक्र वारंवार चालत आलंय. असल्या वेळापत्रकात ट्युब्युलर हरते. घरगुती इन्व्हर्टर तिला 15 अँपियरने भरतो. रिकामी झालेली पूर्ण भरायला दहा तास लागतात आणि लाइन तर तीनच तास येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती अर्धवटच राहते, प्लेटांवर सल्फेट धरतं, आणि नवी बॅटरी काही महिन्यांत निकामी होते. लिथियमला 50 अँपियर दिले तर अडीच-तीन तासांत भरते. पण इन्व्हर्टरचा चार्जर तेवढा आहे का, हे दुकानातच विचारून घ्या. बॅटरीच्या प्रकाराची सेटिंगही बदलून घ्या, नाहीतर ट्युब्युलरच्या जास्त व्होल्टेजला बॅटरीतलं संरक्षक सर्किट मध्येच हात वर करेल.

कोराडी-खापरखेडा वीजकेंद्रं उशाशी आहेत, आपली लाइन कशाला जाईल, असंही काही जण म्हणतात. युक्रेनमध्ये वीजकेंद्रांइतकीच सबस्टेशनंही लक्ष्य झाली, आणि मोठा ट्रान्सफॉर्मर नव्याने बनवायला महिनोन्‌महिने लागतात.

तेव्हा जनरेटरचं काम एकच : लाइन आलीच नाही तर बॅटरी भरणं. त्याला 2 केव्हीएचा पोर्टेबल पुरे. 50 अँपियरचा चार्जर सुमारे 800 वॅट घेतो, पण पॉवर फॅक्टर (वॅट आणि केव्हीए यांतला फरक) धरला तर 1 केव्हीएचं मशीन अडखळतं. तीन तास चालवा, बंद करा. दिवसभर भुकभुक नको, मुलांना आवाजही नको.

जनरेटर जिन्याखाली ठेवला, खिडकी उघडी ठेवली, तर चालेल ना? — संस्थाचालक, जरीपटका

नाही. जिन्याखाली नाही, व्हरांड्यात नाही, उघड्या खिडकीच्या भरवशावर तर नाहीच. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. जिना धुराड्यासारखा तो वायू वरच्या वर्गांत ओढून नेतो. पहिली लक्षणं डोकेदुखी, मळमळ, पेंग. चार वर्षांच्या मुलाला डोकं दुखतंय हे धड सांगता येत नाही. ते निजतं, आणि बाईंना वाटतं दमलं असेल. एकाच खोलीतली दोन-तीन मुलं एकदम मलूल झाली तर कारण शोधत बसू नका. सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या, मग 108 ला फोन करा.

जनरेटर दारं-खिडक्यांपासून किमान वीस फूट लांब, उघड्यावर, धुराचं तोंड इमारतीकडे पाठ करून. पावसासाठी वर पत्रा चालेल, चारी बाजूंनी पेटी नको. वर्गात बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावा. पेट्रोल घालायचं ते मशीन बंद करून, गार झाल्यावर.

दोन्ही टोकांना पिन असलेली वायर लावून सॉकेटमधून शाळेला वीज द्यायची क्लृप्ती अजूनही चालते. तीच वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, ट्रान्सफॉर्मरवर तिचं व्होल्टेज चढतं, आणि खांबावर चढलेला महावितरणचा लाइनमन मरतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा 32 अँपियरचा टू-पोल चेंजओव्हर (लाइन किंवा जनरेटर, एका वेळी एकच जोडणारा स्विच) बसवा. आणखी एक गोष्ट नेहमी राहून जाते : बऱ्याच पोर्टेबल जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो. अशा वेळी वीज अर्थमध्ये गेली तरी 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) ट्रिप होत नाही, बटण दाबून तपासल्यावर मात्र ठीक दिसतो. परवानाधारक वायरमनकडून जनरेटरपाशी न्यूट्रल-अर्थ जोड आणि अर्थ रॉड करून घ्या.

गच्चीवर 5 किलोवॉटचं नेट मीटरिंगचं सोलर आहे. मग वेगळा खर्च कशाला? — शिक्षक, हिंगणा रोड

कारण लाइन गेली की तेही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. वर सांगितलेला लाइनमन वाचावा म्हणून ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर ग्रिड नसताना मुद्दाम थांबतो. चालवायचं असेल तर हायब्रिड (लाइन नसतानाही बॅटरीच्या आधाराने चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी लागेल. नागपुरात 1 किलोवॉट पॅनल सरासरी दिवसाला 4 युनिटच्या आसपास देतं, म्हणजे एका किलोवॉटमध्येही वरच्या हिशेबाची बालवाडी निघते. पावसाळ्यात मात्र त्यावर विसंबू नका.

अंगणवाडीसाठी : कूलर इन्व्हर्टरवर चालेल का? — वाचक, गोधनी

डेझर्ट कूलर पंपासकट 200 वॅट घेतो, म्हणजे सहा बीएलडीसी पंख्यांपेक्षा जास्त. सगळ्या मुलांना एका खोलीत बसवून एक तास चालवा, आणि हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर नुसता दमटपणा करतो. सायरन वाजल्यावर मुलांना आतल्या बंद खोलीत किंवा तळघरात नेणार असाल तर तिथे कूलरऐवजी 40-50 वॅटचा एक्झॉस्ट फॅन हवा. दाटीवाटीने बसलेल्या तीस मुलांना अंधारापेक्षा आधी कोंडलेली हवा त्रास देते.

बॅटरी पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवर ठेवू नका. एप्रिल-मेच्या उष्म्यात लेड-ॲसिडचं आयुष्य निम्म्यावर येतं, आणि काही लिथियम बॅटऱ्या 45 अंशांपुढे चार्जच घेत नाहीत. सावलीची, हवेशीर, कुलूपबंद जागा हवी, मुलं झोपतात ती खोली नको. ट्युब्युलरचं पाणी उन्हाळ्यात दर पंधरवड्याला बघा.

इन्व्हर्टर बसवलाय, पण लाइन गेली की आरसीसीबी पडतो. — वायरमनने हात टेकलेले वाचक, काटोल रोड

दोन सर्किटांचा न्यूट्रल एकत्र झाला असणार. इन्व्हर्टरवरच्या दिव्या-पंख्यांसाठी डीबीपासून (स्विचांच्या मुख्य पेटीपासून) वेगळा फेज आणि वेगळाच न्यूट्रल ओढावा लागतो, फक्त फेज बदलून भागत नाही. त्या सर्किटवर 6 अँपियरचा एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच) लावा आणि 16 अँपियरचा सॉकेट अजिबात ठेवू नका. ठेवलात की कोणीतरी चहाची किटली लावणारच, आणि ती एकटीच 1,500 वॅट घेते.

राउटरला 12 व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस वेगळा द्या. फायबर लाइन बहुधा वीज गेल्यावरही चालू असते, फक्त तुमच्याकडचा डबा बंद पडलेला असतो. सूचना आणि पालकांचे निरोप त्यावरच येणार.

पेट्रोल किती साठवू शकतो? — संस्था सचिव, वर्धमाननगर

विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल 30 लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं. शाळेला दहा लिटर पुष्कळ. धातूच्या कॅनमध्ये, इमारतीबाहेर, कुलपात ठेवा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल धरतं, म्हणून दोन-तीन महिन्यांनी ते शाळेच्या गाडीत वापरून नवं भरा. दर महिन्याला जनरेटर अर्धा तास लोडवर चालवा. थांबवताना बटण दाबू नका, पेट्रोलचा कॉक बंद करून तो आपोआप बंद पडू द्या. कार्ब्युरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल चिकट होऊन जेट तुंबवतं, आणि मग नेमक्या वेळी दोरी ओढून ओढून खांदा दुखतो.