गावरान आणि विदेशी टर्कीच्या वजनातला फरक एका जीनमुळे असतो का, टेस्ट करून पिल्लं निवडावी का?

नाही भाऊ, एका जीनवर सगळं ठरत नाही. आयजीएफ-१ सारख्या वाढीच्या जीनमधी डीएनएचं एखादं अक्षर बदललेलं असतं, ते प्रमाण प्रत्येक जातीत वेगळं असू शकतं, कारण ब्रॉड ब्रेस्टेड व्हाइट या विदेशी टर्कीच्या जातीमधी पिढ्यानपिढ्या छातीचं मांस बघूनच पक्षी निवडले, इतके की जड नराला मेटिंग जमत नाही, कृत्रिम रेतन करावं लागतं. पण वजन लई जीन्स मिळून ठरवतात. अन् जोरात वाढणारा पक्षी अंगात उष्णताबी जास्त तयार करतो, मे महिन्यात परभणीच्या उन्हात चोच उघडी टाकून, पंख अंगापासून लांब धरून धापा टाकतो, तिथं हलका गावरान जास्त तग धरतो. लोक टेस्ट करा म्हणायलेत, मी म्हणतो आधी नर-मादी वेगळे करून दर महिन्याला वजनं वहीत लिहा.